एक मासोळी, एक मत

"बाई, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. एम.एस्सी. झूलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टला गप्पी मासे घेतलेत. मादी जास्त केशरी ठिपक्यांचा नर पसंत करते का, एवढाच प्रश्न. टाकीच्या दोन टोकांना काचेआड एकेक नर ठेवला, एक चांगला केशरी, दुसरा फिका. मधे मादी. दहा मिनिटांत ती कुणाच्या काचेजवळ किती सेकंद थांबली ते मोबाइलवर शूट करून मोजलं. दुसऱ्या दिवशी नरांच्या जागा बदलून पुन्हा तीच मादी सोडली. अशा १२ माद्या. दोन दिवसांची सरासरी, आधी केशरी मग फिका, सेकंदांत: ३१०–१८०, २६५–२४०, ४०२–९५, १९०–२८५, ३३०–१५०, २८०–२०५, २२५–२६०, ३६५–१२०, १५०–३४०, ३४५–१७०, २९०–२१५, २४०–२२०. दोन सरासऱ्यांतला फरक नुसता योगायोगाचा तर नाही ना, हे बघायला एक्सेलमध्ये टी-टेस्ट केली, पी ०.०१६ आलं (पी म्हणजे पसंती नसतानाही निव्वळ योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसण्याची शक्यता; ०.०५ च्या खाली हवी). मी खूश होते. गाईड सर म्हणाले, दोन्ही दिवसांच्या नोंदी वेगवेगळ्या घाल, १२ च्या २४ होतील, पी अजून खाली येईल. एक सीनियर म्हणतो, पसंतीच्या डेटाला टी-टेस्ट चालतच नाही, काय-स्क्वेअर कर. वायवा तीन आठवड्यांवर आलाय. कुणाचं ऐकू?
— गोंधळलेली, खानापूर"

अगं, आधी एक बरं केलंस, ते सांगते. तू आकडे पाठवलेस. माझ्याकडे येणाऱ्या दहांतल्या नऊ पत्रांत नुसतं पी-व्हॅल्यू असतं, आणि वर "बाई, बरोबर आहे का?" डाळ न दाखवता आमटीला मीठ बरोबर पडलंय का, असं विचारण्यातला प्रकार. रविवारी दुपारी टिळकवाडीत लाइट गेली होती, म्हणून तुझे बारा आकडे वहीतच मांडून बसले. अर्ध्या तासात उलगडा झाला.

सरांचंही ऐकू नकोस आणि सीनियरचंही नको. टी-टेस्ट चालते. तू केलीस ती मात्र चालत नाही.

एक्सेलमध्ये टी-टेस्टचं सूत्र लिहिताना कंसात चार गोष्टी द्याव्या लागतात: पहिला रकाना, दुसरा रकाना, मग टेल किती (फरक एकाच दिशेनं शोधायचा की दोन्ही), आणि शेवटी टाइप. त्या शेवटच्या जागी तू २ टाकलेला असणार (३ टाकला तरी इथं ०.०१६ च येतं), कारण १ टाकला तर ते येत नाही. २ म्हणजे दोन स्वतंत्र गट, विचरण (आकड्यांतली चढउतार) सारखं धरून. ३ म्हणजे दोन स्वतंत्र गट, विचरण वेगळं धरून. तुला हवा होता १, म्हणजे जोडीचा, पेअर्ड. तो टाकून बघ. पी येईल ०.०९ च्या आसपास.

हो, ०.०९. आता जरा श्वास घे आणि पुढं वाच.

२ टाकलास तेव्हा एक्सेलला तू सांगितलंस, की माझ्याकडे २४ मासे आहेत. बारा केशरी नराजवळ थांबले, दुसरेच बारा फिक्याजवळ थांबले, आणि त्या दोन घोळक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक्सेल बिचारं विश्वास ठेवतं. आपल्याकडे मत देताना डाव्या तर्जनीला शाई लावतात ना (आपल्याच कर्नाटकात, म्हैसूरला बनते ती), ती कशासाठी? एका माणसानं दुसऱ्या दाराने येऊन पुन्हा बटण दाबू नये म्हणून. मासोळीच्या पराला शाई लावता येत नाही, ते काम आपल्या वहीनं करायचं असतं. तुझ्या टाकीत मतदार बाराच आहेत. एकेका मतदाराचे दोन आकडे आहेत, पण मत एकच: "मला हा त्याच्यापेक्षा इतका जास्त आवडला."

इथवर बहुतेक पुस्तकंही सांगतात. पण चूक केल्यावर आकडा कुठल्या दिशेला पळतो, ते फारसं कुणी सांगत नाही. तिथंच तुझी गंमत आहे.

दोन भावांच्या वाटणीचं शेत डोळ्यांपुढं आण. मधे बांध. बांध एक हात थोरल्याच्या बाजूला सरकला, तर थोरल्याचं एक हात गेलं आणि धाकट्याचं एक हात वाढलं. दोघांतला फरक किती पडला? एक नव्हे, दोन हात. तुझ्या मासोळीकडे सहाशे सेकंदांचं शेत आहे. केशरीजवळ गेलेला प्रत्येक सेकंद फिक्याच्या वाटणीतून गेलाय. थोडा वेळ ती मधे रेंगाळते हे खरं, पण तुझ्या आकड्यांत तो वेळ सगळ्यांचा साधारण सारखाच आहे, ८५ ते १४० सेकंद. म्हणजे एक रकाना वर गेला की दुसरा खाली येणारच. मी दोन रकान्यांचा सहसंबंध काढला, तो वजा ०.९८ आला (वजा १ म्हणजे पूर्ण उलट). याहून घट्ट बांधलेली जोडी क्वचितच दिसेल.

आता हिशेब. केशरीच्या रकान्याचं विचरण, म्हणजे व्हेरिअन्स, ५,४१८. फिक्याचं ४,८५२. दोघांची बेरीज १०,२७०. स्वतंत्र गटांची टेस्ट ही बेरीज घेते आणि म्हणते, फरकातली चढउतार एवढीच. पण तू प्रत्येक मासोळीचा फरक काढ: १३०, २५, ३०७, वजा ९५, १८०, ७५, वजा ३५, २४५, वजा १९०, १७५, ७५, २०. या बारा आकड्यांचं विचरण येतं २०,३१९. जवळजवळ दुप्पट! बांध सरकला की फरक दुप्पट पडतो, तो हा. तुझ्या टेस्टनं निम्मी चढउतार पदराखाली झाकली.

फरकांची सरासरी ७६ सेकंद. स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे विचरणाचं वर्गमूळ, १४२.५. त्याला १२ च्या वर्गमुळानं भागलं की स्टँडर्ड एरर ४१.१५. टी म्हणजे ७६ भागिले ४१.१५, १.८५. डिग्रीज ऑफ फ्रीडम (इथं जोड्यांतून एक वजा) ११, आणि तिथं पाच टक्क्यांच्या पातळीला टेबलात २.२०१ लागतं. पोचत नाही. तुझ्या जुन्या पद्धतीनं टी २.६० येत होता आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम २२, म्हणून ते ०.०१६.

"पण बाई, आम्हाला शिकवलं होतं की पेअर्ड टेस्टनं पी कमी होतं, वाढत नाही!" असं तू म्हणणार, कारण मीही कित्येक वर्षं वर्गात तसंच सांगत होते. नोकरीला लागले त्या वर्षी एक गृहस्थ म्हशींचे आकडे घेऊन आले होते. दोन प्रकारची पेंड, म्हशी त्याच, आधी एक पेंड मग दुसरी. म्हशींत एक चार लिटरची तर एक अकरा लिटरची. मी मोठ्या ऐटीत दोन स्वतंत्र गटांची टेस्ट केली आणि त्यांना सांगितलं, फरक नाही. ते स्वस्त पेंड घेऊन गेले. पुढं कधीतरी पेपर तपासताना डोक्यात वीज चमकली, की म्हशी-म्हशींतला फरक एवढा मोठा होता की त्यात पेंडीचा फरक बुडून गेला. प्रत्येक म्हशीचा तिच्याशीच हिशेब केला असता तर तो वर आला असता. तोवर त्या गृहस्थांचा पत्ता माझ्याकडे नव्हता.

तिथं जोडी सुलट होती. चांगली म्हैस दोन्ही पेंडींवर जास्तच देते, कमी देणारी दोन्हींवर कमी. अशा वेळी पेअर्ड टेस्ट लपलेला फरक उजेडात आणते. तुझ्याकडे जोडी उलट आहे, एका नराजवळचा वेळ वाढला की दुसऱ्याजवळचा घटतो. इथं पेअर्ड टेस्ट खोटा फुगवटा उतरवते. चूक तीच, पण म्हशींच्या वेळी ती आपल्या विरुद्ध गेली आणि माशांच्या वेळी आपल्या बाजूनं खोटी साक्ष देते. बाजूनं बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी कोण करतो?

या टी-टेस्टचा जनक विल्यम गॉसेट. हा प्राध्यापक नव्हे, डब्लिनच्या गिनेस या बिअर कारखान्यातला माणूस. कारखाना आपल्या लोकांना स्वतःच्या नावानं लिहू देत नसे, म्हणून १९०८ साली 'बायोमेट्रिका'त त्यानं 'स्टुडंट' या नावानं लेख छापला. त्यावरूनच ती 'स्टुडंटची टी-टेस्ट'. त्या लेखात त्यानं उदाहरणाला घेतलेले आकडे कसले होते माहीत आहे? दहा रुग्ण, झोपेची दोन औषधं, आणि प्रत्येक रुग्णाला दोन्ही औषधं दिल्यावर किती तास जास्त झोप लागली, ते. जोडीचेच आकडे! त्यानं दहा फरक काढले आणि त्यांच्यावरच हिशेब केला. आर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते आकडे 'स्लीप' या नावानं आयतेच असतात. जोडीनं केलंस तर पी ०.००२८ येतं, स्वतंत्र गट धरलेस तर ०.०७९. हे म्हशींच्या जातीचं उदाहरण. तुझे मासे दुसऱ्या जातीचे. दोन्ही एका पानावर शेजारी शेजारी छापून घे. पुढं सरांकडे जाताना लागेल.

आता सरांचे २४. दोन दिवस, जागा बदलून, ही तुझी पद्धत उत्तम आहे. कित्येक मोठ्या लोकांनाही ते सुचत नाही. पण तीच मासोळी दुसऱ्या दिवशी आली म्हणून नवा मतदार होत नाही. सरासरी काढून एका मासोळीचा एक आकडा केलास, तेच बरोबर. १९८४ साली हर्लबर्ट नावाच्या परिस्थितिकी-शास्त्रज्ञानं या चुकीचं बारसं केलं, 'स्युडोरेप्लिकेशन', आणि तेव्हापासून तिच्यावर एवढं लिहिलं गेलंय की बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला दुसरं काही नाही तरी हे नक्की माहीत असतं. २४ लिहिलंस तर पहिला प्रश्न तोच येईल.

सीनियरचा काय-स्क्वेअर तर त्याहून भारी. त्याच्या म्हणण्यानं सगळे सेकंद एकत्र करायचे: केशरीजवळ ३,३९२, फिक्याजवळ २,४८०. काय-स्क्वेअर येतो १४१ च्या वर! पी इतकं बारीक, की शून्यं लिहिताना हात दुखेल. आता तेच आकडे मिनिटांत कर, ५६.५ आणि ४१.३. काय-स्क्वेअर २.३६. म्हणजे काहीच नाही. घड्याळ तेच, मासे तेच, फक्त एकक बदललं आणि 'प्रचंड पसंती'ची 'पसंती नाही' झाली. जी टेस्ट सेकंद-मिनिटानं मत बदलते ती इथं कामाची नाही. काय-स्क्वेअर मोजणीला आहे, मोजमापाला नाही. त्याला मोजणीच हवी असेल तर मासोळ्या मोजू दे: बारांपैकी नऊ जणी केशरीकडे झुकल्या, तीन फिक्याकडे. बारा वेळा नाणं उडवलं तर नऊ-तीन किंवा त्याहून एकांगी निकाल शंभरात साधारण पंधरा वेळा लागतो. विल्कॉक्सनची क्रमांकांची टेस्टही मी करून पाहिली. फरकांना लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक दिले, उलट बाजूच्या क्रमांकांची बेरीज १९ आली, आणि बारा जोड्यांना पाच टक्क्यांसाठी ती १३ किंवा कमी लागते. तीन वेगवेगळ्या रस्त्यांनी गेलं तरी आपण त्याच गल्लीत येतो.

तुझी एखादी हुशार मैत्रीण आता कानात सांगेल, की वन-टेल कर. केशरीच आवडणार असंच आपलं म्हणणं होतं ना? वन-टेल केलंस तर पी निम्मं होईल, ०.०४६ च्या आसपास. मोह मोठा आहे. पण टेल एक की दोन, हे मासे टाकीत सोडण्याआधी वहीत लिहायचं असतं. तू टू-टेल करून खूश झालीस, आता नाखूश झालीस म्हणून वन-टेल, हे कॅरममध्ये सोंगटी खिशाच्या काठावर अडकल्यावर बोर्ड हलवण्यासारखं आहे.

हे सगळं आकड्यांचं झालं. पण पत्रातलं एक वाक्य वाचून मी जास्त अडखळले. "एक चांगला केशरी, दुसरा फिका." बाराही माद्यांना तेच दोन नर दाखवलेस का? पत्रात वेगळं काही लिहिलेलं नाही, म्हणून तसंच धरते. मग तुझा प्रयोग केशरी रंगाबद्दल काहीच सांगत नाही. तो एवढंच सांगतो, की या दोन नरांपैकी हा जरा जास्त खपला. फिका नर आजारी असेल. अंगानं लहान असेल, काचेवर कमी नाचत असेल. गणपत गल्लीतल्या दोन दुकानांपुढची गिऱ्हाइकं मोजायची आणि निष्कर्ष काढायचा की लोकांना निळ्या पाटीची दुकानं आवडतात, तसं हे. माद्या बारा असल्या तरी केशरी-फिक्याच्या प्रश्नाला नरांची जोडी एकच, म्हणजे सॅम्पल साइज एक. ही गोष्ट कुठलीच टेस्ट दुरुस्त करू शकत नाही, ना टी, ना काय, ना विल्कॉक्सन.

पुढच्या वेळी प्रत्येक मादीला नरांची नवी जोडी दे. ते जमत नसेल तर निदान सहा-आठ जोड्या फिरवत राहा आणि कुठल्या मादीला कुठली जोडी दिली ते लिहून ठेव. जोडीतले दोघे अंगानं सारखे निवड. आणि जमलं तर गुण स्वतः बदलून बघ. १९८२ साली माल्टे अँडरसननं केनियात लांबशेपट्या विडोबर्ड पक्ष्यावर हे केलं. काही नरांची शेपटी कापली, काहींना तुकडे चिकटवून वाढवली, आणि काहींची कापून तीच परत चिकटवली, म्हणजे कात्री आणि गोंदाचा परिणाम वेगळा कळावा. वाढवलेल्या शेपटीवाल्यांच्या हद्दीत नवी घरटी जास्त झाली. माशाला शेपटी चिकटवायला सांगत नाही मी तुला! पण टाकीवरच्या उजेडाचा रंग बदलून केशरी ठिपका उठून दिसेल किंवा बुडेल असं करता येतं. रंगीत जिलेटीन पेपर शहापुरात मिळतो, गणपतीच्या आधी तर ढिगानं.

आणखी एक शंका. मादी नराजवळ थांबली म्हणजे तिला तो नवरा म्हणून पसंत पडला, हे कशावरून? गप्पी घोळक्यानं राहणारा मासा. गरोदर मादीला नवरा नको असतो, नुसती सोबत हवी असते. जी मादी अजून नराला भेटलेलीच नाही किंवा जिला नुकतीच पिल्लं झालीत, तीच खरी निवडीच्या मनःस्थितीत असते. तुझ्या माद्या कुठल्या होत्या? गावच्या विहिरीतून धरल्या असशील तर बहुतेक सगळ्या पोटुशा असणार. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्यानं सोडलेले गप्पी आपल्याकडच्या विहिरींत आणि हौदांत आहेत. (नाव ऐकून मला लहानपणी वाटायचं, हे मासे गप्पा मारतात. नाव आहे रॉबर्ट गप्पी नावाच्या माणसाचं. त्यानं १८६६ साली त्रिनिदादहून हे मासे लंडनच्या म्युझियमला पाठवले.) दुकानातून आणल्या असशील तर ती मोठ्या शेपटीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेली जात. विहिरीतल्या मादीची आवड आणि दुकानातल्या मादीची आवड एकच असेल असं धरू नकोस. खरं तर हाच एक सुंदर प्रश्न आहे, आणि तिथं तुझी ती स्वतंत्र गटांची टेस्ट हक्कानं वापरता येईल: विहिरीतल्या पंधरा माद्यांचे पंधरा फरक, दुकानातल्या पंधरांचे पंधरा फरक, मासे खरोखर वेगळे. तिथं टाइपच्या जागी ३ टाक. प्रयोग संपल्यावर दुकानातले मासे मार्कंडेय नदीत किंवा मलप्रभेत सोडून देऊ नकोस, एवढं ऐक. परके मासे आहेत ते.

आता सरांचं. पत्रात तू तसं उघड लिहिलं नाहीस, पण खरी भीती तीच आहे, कळतं मला. "सर, तुमचं चुकलं" असं म्हणायचं नाही. चुकलं आहे, तरी म्हणायचं नाही. सर झूलॉजीचे, त्यांना आकडेशास्त्राचा एक पेपर कधीकाळी होता, त्यात दोन गटांचं सूत्र होतं, तेच डोक्यात पक्कं बसलंय. गॉसेटच्या झोपेच्या आकड्यांचा कागद घेऊन जा, स्वतःचा दोन प्रकारे केलेला हिशेब त्याच्या खाली ठेव, आणि विचार: "सर, परीक्षकांनी एकच मासोळी दोनदा का मोजली असं विचारलं तर काय उत्तर देऊ?" माणूस शहाणा असेल तर तिथंच थांबेल. सरांना परीक्षकापुढं खाली बघायला लावण्यापेक्षा तीन आठवडे आधी त्यांच्याच केबिनमध्ये हा प्रश्न पडलेला त्यांनाही परवडेल. तरीही ते २४ वर अडून बसले, तर दोन्ही हिशेब परिशिष्टात दे आणि मुख्य निकालात पेअर्डच ठेव. सही त्यांची असली तरी वायवाला उभी तू राहणार आहेस.

रिपोर्टात असं काहीतरी लिही, इंग्रजीत तूच कर: "१२ माद्यांनी केशरी नराजवळ सरासरी ७६ सेकंद जास्त घालवले, ९५ टक्के विश्वास-अंतर वजा १५ ते अधिक १६७ सेकंद, पेअर्ड टी १.८५, डिग्रीज ऑफ फ्रीडम ११, पी ०.०९. नरांची एकच जोडी वापरल्यामुळे हा निष्कर्ष त्या जोडीपुरता आहे." यात लाजण्यासारखं काही नाही. "पसंती नाही" असंही लिहू नकोस, कारण तेही सिद्ध झालेलं नाही. खरा फरक वजा १५ ते अधिक १६७ मध्ये कुठंही असू शकतो, म्हणजे मासे अजून गप्पच आहेत असं समज. बारा माद्यांच्या आलेखात प्रत्येक मासोळीचे दोन ठिपके काढून एका रेषेनं जोड. दोन बार काढून वर एरर बार लावलेस तर जोडी पुन्हा तुटते, आणि बघणाऱ्याला नऊ रेषा एकीकडे, तीन दुसरीकडे कलल्यात हे कळतच नाही.

"मग आणखी चार मासे घालून बघू का?" नको. चार घालायचे, पी बघायचं, नाही आलं की आणखी चार, असं करत गेलं तर पी कधी ना कधी खाली येतंच, पसंती असो वा नसो. नव्यानं करायचंच असेल तर आधी संख्या ठरव. पसंती खरोखर एवढीच असेल, म्हणजे ७६ सेकंदांचा फरक आणि १४२ ची चढउतार, तर ती पाचात चार वेळा हाती लागावी यासाठी साधारण ३० माद्या लागतील. लहान प्रयोगात आलेला फरक बऱ्याचदा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून ३० च्या वर गेलीस तर चांगलंच. तीन आठवड्यांत हे होणार नाही. रिपोर्टच्या शेवटी 'पुढील काम' म्हणून लिही.

तीन आठवड्यांत होण्यासारखं एक काम मात्र आहे, आणि मला स्वतःला त्याचीच उत्सुकता आहे. दोन दिवसांच्या मूळ नोंदी काढ. २ नंबरची बघ, २६५–२४०, आणि १२ नंबरची, २४०–२२०. सरासरीवरून वाटतं, यांना दोघेही सारखेच. पण पहिल्या दिवशी डावीकडे ४०० आणि दुसऱ्या दिवशीही डावीकडेच ३९० असं असेल तर? मग तिनं नर पाहिलेच नाहीत, तिला टाकीची डावी बाजू आवडली. खिडकी त्या बाजूला असेल, नाहीतर पंप. काही जण आधीच नियम ठरवतात, की दोन्ही दिवशी एकाच बाजूला ८० टक्क्यांहून जास्त वेळ घालवणारी मासोळी हिशेबात धरायची नाही. तू आता आकडे पाहिल्यानंतर तसा नियम लावून तिला काढू नकोस, पण अशा किती होत्या ते रिपोर्टात सांग.

आणि ९ नंबर. १५०–३४०. सगळ्यांत ठामपणे उलटं मत देणारी. ३ नंबरच्या ४०२–९५ ला बिनदिक्कत खरी पसंती म्हणायचं आणि हिला 'आउटलायर' म्हणून बाहेर काढायचं, असा सल्ला तुला कुणीतरी देईल. काढू नकोस. दोन्ही दिवशी ती फिक्याकडेच होती का? तिचं पोट फुगलेलं होतं का? त्या दिवशी केशरी नर झाडाच्या आड तर गेला नव्हता? व्हिडिओ अजून मोबाइलमध्ये असेल तर पुन्हा एकदा बघ, आणि काय दिसतं ते मला कळव.